गाडी वाचवणारे चोरबटण

लातूरची गंजगोलाई असो की नांदेडचे वजिराबाद, दुचाकी लावून दुकानात शिरलेला माणूस दहा मिनिटांनी बाहेर येतो आणि रिकामी जागा पाहून प्रथम स्वतःच्याच स्मरणशक्तीवर संशय घेतो. गाडी इथेच लावली होती ना? दोन-तीन गल्ल्या पालथ्या घातल्यावर मग खात्री पटते. त्यानंतर पोलीस ठाणे, विमा कंपनी आणि महिन्याच्या ठरलेल्या तारखेला वित्तसंस्थेचा हप्ता. गाडी गेली म्हणून हप्ता थांबत नाही.

मराठवाड्यात दुचाकी ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. दूध घालणारा, आडतीवर हमाली करणारा, आठवडी बाजार फिरणारा व्यापारी, गावाहून रोज शाळेत येणारा शिक्षक आणि शिकवणीसाठी लातुरात खोली करून राहिलेला विद्यार्थी या सर्वांचे दिवसाचे गणित तिच्यावर चालते. अशा घरातून गाडी गेली की रोजची कमाईच अडते. विम्याचा आधारही अनेकदा समजुतीपुरताच असतो. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. मात्र चोरीची भरपाई या विम्यातून मिळत नाही. ती स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीसाठी घेतलेल्या विम्यातून मिळते आणि तो बहुधा एका वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी त्याचे नूतनीकरण राहून जाते. रस्त्यावर कागद दाखवला की काम भागते, त्यामुळे आपली गाडी चोरीच्या बाबतीत उघडी पडली आहे, हे मालकाच्या ध्यानातही येत नाही.

या दोन जिल्ह्यांचा भूगोलही लक्षात घ्यायला हवा. धर्माबादच्या पुढचे बासर हे रेल्वे स्थानक तेलंगणात आहे. देगलूर, बिलोली, किनवट या तालुक्यांच्या सीमा तेलंगणाला भिडतात, तर उदगीर, देवणी, निलंगा यांच्या सीमा कर्नाटकातील बिदर जिल्ह्याला. टाकीत पेट्रोल असेल तर एमएच-२६ किंवा एमएच-२४ क्रमांकाची गाडी काही तासांत दुसऱ्या राज्यात पोचू शकते आणि मग तपास दोन राज्यांच्या पोलिसांत विभागला जातो. म्हणूनच गाडी गेल्यावर शोधण्यापेक्षा ती जागची हलू न देणे केव्हाही स्वस्त पडते. त्यासाठीचा एक जुना आणि कमी खर्चाचा उपाय म्हणजे इंधनपंपाचा वीजपुरवठा तोडणारा लपवलेला स्विच. मराठीत चोरखिसा, चोरकप्पा, चोरदरवाजा हे शब्द आहेतच. त्याच धर्तीवर या स्विचला आपण चोरबटण म्हणू.

जुनी युक्ती, नवा पंप

ही कल्पना नवी नाही. पूर्वी फियाट चालवणारे जुने ड्रायव्हर मुक्कामाच्या ठिकाणी डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडून आतला रोटर काढत आणि खिशात घालून झोपत. मोटारसायकलवाले प्लगची टोपी सैल करून ठेवत किंवा पेट्रोलचा कॉक बंद करत. कॉक बंद केलेली गाडी लगेच बंद पडत नाही, हे त्या पिढीला पक्के ठाऊक होते. कार्ब्युरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर ती थोडे अंतर जाते आणि मग धापा टाकत थांबते.

आज कॉकही नाही आणि वाटीही नाही. देशात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ निकष लागू झाले आणि तेव्हापासून बाजारात आलेल्या बहुतेक दुचाकींत कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असते. मोटारींत हा बदल त्याच्या बराच आधी झाला होता. या पद्धतीत टाकीच्या आत विजेवर चालणारा छोटा पंप बसवलेला असतो. चावी फिरवताच मागून दोन-तीन सेकंद जो बारीक 'गुंऽऽ' आवाज येतो, तो याच पंपाचा. पंप नळीतील पेट्रोलचा दाब साधारण तीन बारपर्यंत नेतो. हा दाब असला तरच इंजेक्टरमधून पेट्रोलचा नीट फवारा उडतो. गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, पंपाला वीज कधी द्यायची ते ठरवतो. इंजिन फिरत असेल तर पंप चालू आणि इंजिन थांबले की पंप बंद, असा त्याचा सर्वसाधारण नियम आहे.

या पंपाची वीज तोडली की बाकी सर्व यंत्रणा शाबूत असूनही इंजिन चालत नाही. स्टार्टर फिरतो, दिवे लागतात, भोंगा वाजतो, पण गाडी धरत नाही. पाहणाऱ्याला ती बिघडलेली वाटते. चोरबटणाचा खरा फायदा येथे आहे. स्टार्टरची तार तोडली तर चोर किक मारून किंवा गाडी ढकलून ती चालू करू शकतो. पंपाची तार तोडली असता ढकलूनही उपयोग होत नाही. शिवाय हे बटण चावीवर किंवा ईसीयूवर अवलंबून नाही. मास्टर-की वापरून कुलूप उघडले किंवा संगणकाला जोडून नवी चावी तयार केली, तरी तुटलेली तार तुटलेलीच राहते.

तार कोठे तोडावी?

याचे तीन मार्ग आहेत आणि कोणता निवडला यावर पुढची सुरक्षितता अवलंबून असते.

पहिला मार्ग म्हणजे पंपाला जाणारी मुख्य तार तोडून तिच्यामध्ये स्विच घालणे. गल्लीतल्या गॅरेजमध्ये बहुधा हेच केले जाते. यात पंपाचा सगळा प्रवाह स्विचमधून जातो. मोटारीत तो साधारण चार ते आठ अँपिअर असतो. एवढ्या प्रवाहासाठी घरातील दिव्याचे बटण वापरणे ही मोठी चूक आहे. त्यावर लिहिलेले अँपिअर घरातल्या एसी विजेसाठी असतात. बॅटरीच्या डीसी विजेत संपर्क तुटताना ठिणगी जास्त वेळ टिकते आणि बटण आतून जळते. संपर्क थोडा जरी खराब झाला तरी पंपाला कमी दाबाची वीज मिळते, पेट्रोल कमी पोचते आणि चढावर किंवा वेगात गाडी अडखळू लागते. मालक मग प्लग आणि फिल्टर बदलत बसतो.

दुसरा मार्ग पंपाच्या रिलेची बारीक तार तोडण्याचा. रिले म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विद्युतचुंबकी स्विच. त्याच्या पायांवर आकडे कोरलेले असतात. ८५ आणि ८६ ही गुंडाळीची टोके, तर ३० आणि ८७ ही मुख्य प्रवाहाची. गुंडाळीचा रोध सुमारे ८० ओहम धरला तर १२ व्होल्टला तिच्यातून जेमतेम ०.१५ अँपिअर वाहतो. इतक्या प्रवाहासाठी लहानसा स्विच आणि बारीक तार पुरते. यात अडचण एकच आहे. अनेक मोटारींचा ईसीयू या गुंडाळीवर लक्ष ठेवतो. ती तुटलेली आढळली की इंजिनच्या बिघाडाचा दिवा लागू शकतो. बऱ्याच लहान दुचाकींत तर पंपासाठी वेगळा रिले नसतोच.

तिसरा मार्ग थोडा अधिक कामाचा आहे, पण महामार्गावर चालणाऱ्या गाडीसाठी तोच योग्य. यात पाच पायांचा एक वेगळा रिले घ्यायचा. त्याला ८७-ए हा जादा पाय असतो. रिलेला वीज नसताना ३० आणि ८७-ए हे पाय एकमेकांना जोडलेले असतात आणि वीज मिळाली की सुटतात. पंपाची तार तोडून तिची दोन टोके या दोन पायांना जोडायची. गुंडाळीचे एक टोक चेसिसला द्यायचे. दुसऱ्या टोकाला चावी चालू असतानाच वीज येणाऱ्या तारेवरून, छोट्या फ्यूजमधून आणि लपवलेल्या स्विचमधून वीज द्यायची. स्विच 'राखण' स्थितीत ठेवून कोणी चावी फिरवली, की रिले ओढला जातो आणि पंपाची वाट तुटते. स्विच सोडला की गाडी नेहमीसारखी चालते. चावी बंद असताना रिले वीज घेत नाही, त्यामुळे बॅटरी उतरण्याचा प्रश्नही येत नाही.

या पद्धतीचा मोठा गुण तिच्या बिघडण्यात आहे. पहिल्या दोन मार्गांत स्विच खराब झाला किंवा त्याची तार निसटली तर गाडी बंद पडते, मग ती कोठेही असो. तिसऱ्या मार्गात स्विचची तार तुटली किंवा रिलेची गुंडाळी जळली, तर राखण जाते पण गाडी चालत राहते. नांदेड-लातूर रस्त्यावर मागून मालमोटार येत असताना इंजिन अचानक बंद पडणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. मोटारीत अशा वेळी स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला मिळणारी मदतही एक-दोन दाबांत संपते. चोरी टाळण्यासाठी केलेली सोय अपघाताला कारण होता कामा नये.

जोडणीतील पथ्ये

तार सोलून, पिळून वर टेप गुंडाळली की जोडणी झाली, असा समज सर्रास आढळतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या आत त्याहून कितीतरी अधिक उष्णता असते. टेपचा डिंक वितळतो, टेप सुटते आणि उघडी तार पत्र्याला टेकते. जोडणी योग्य साच्यात दाबून किंवा सोल्डर करून वर आकसणारी स्लीव्ह चढवावी आणि तारेला जवळच आधार द्यावा, म्हणजे हादऱ्याने ती तुटत नाही. नवी तार मूळ तारेपेक्षा बारीक नसावी. मूळ फ्यूज काढून त्या जागी मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घालणे हे गाडीला आग लावण्याचे आमंत्रण आहे.

स्विच किंवा रिले पेट्रोलच्या टाकीवर, पंपाच्या झाकणाजवळ किंवा पेट्रोलच्या नळीलगत कधीही बसवू नये. प्रत्येक स्विचमध्ये बारीक ठिणगी पडतेच आणि पेट्रोलच्या वाफेला तेवढी पुरते. दुचाकीवर पाणी आत न जाणारा स्विच घ्यावा. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धूळ आणि गाडी धुताना पाण्याचा जोरदार फवारा, या तिन्हींना त्याने तोंड दिले पाहिजे.

हे काम गाडीच्या वायरिंगचा नकाशा पाहून करणाऱ्या जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. रंगाच्या अंदाजाने तार तोडली तर पंपाऐवजी इंजेक्टरची किंवा ईसीयूची तार तुटण्याचा संभव असतो. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायरिंग कापल्यावर विजेच्या बिघाडाबाबतचा दावा कंपनी नाकारू शकते. तोवर थांबणे किंवा अधिकृत विक्रेत्याकडची चोरीरोधक यंत्रणा बसवणे श्रेयस्कर. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या फेरबदलांविषयी आहे. छोट्या स्विचने गाडीचा रंग, इंजिन किंवा आसनक्षमता बदलत नाही, तरी केलेले काम उलट करता येईल असेच असावे.

डिझेल, गॅस आणि ट्रॅक्टर

वरील सर्व विवेचन पेट्रोल गाड्यांचे आहे. डिझेलच्या नव्या कॉमन रेल इंजिनांत उच्च दाबाचा पंप डिझेलनेच वंगण घेतो. त्याचे डिझेल तोडून इंजिन फिरवत राहिले तर तो महागडा पंप कोरडा घासून खराब होतो. म्हणून पिकअप, जीप आणि डिझेल मोटारींत इंधन तोडण्याच्या भानगडीत न पडता स्टार्टरच्या रिलेची तार तोडणे योग्य. जुन्या डिझेल इंजिनांत इंधन रोखणारा विजेचा सोलेनॉइड असेल तर त्याची तार लपवलेल्या स्विचमधून नेता येते.

ट्रॅक्टरची गोष्ट आणखी वेगळी आहे. जुना ट्रॅक्टर एकदा चालू झाला की त्याला विजेची गरजच उरत नाही. तो बंद करण्यासाठीही दांडी ओढावी लागते. शिवाय एकाची चावी दुसऱ्याला लागणे हे गावोगाव सर्वांना ठाऊक असते. तेथे बॅटरी तोडणारा स्विच उपयोगी पडतो, पण उतारावर लोटून किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून चोर तो चालू करू शकतो. म्हणून ट्रॅक्टरला साखळदंडाला पर्याय नाही. सीएनजी किंवा एलपीजीचे किट बसवलेली मोटार थेट गॅसवर सुरू होत असेल तर केवळ पेट्रोलचा पंप तोडून भागत नाही. गॅसचा झडपेचा पुरवठाही त्याच बटणाशी जोडावा लागतो.

बटण कोठे आणि कोणाला ठाऊक?

चोरबटणाची किंमत त्याच्या गुप्ततेत आहे. गावातील प्रत्येक गॅरेजवाला ज्या ठिकाणी ते बसवतो, त्या ठिकाणी चोराचा हात सर्वांत आधी जातो. त्यामुळे जागा येथे सांगण्यात अर्थ नाही. ती मालकानेच ठरवावी. बसल्या जागेवरून हात पोचावा, पण गुडघा, पिशवी किंवा लहान मुलाचा हात चुकून लागू नये, एवढे दोन निकष पुरेत. बटणावर दिवा नसावा आणि नवीकोरी चकाकणारी तार दिसू नये. काम भर बाजारात, चार जण पाहत असताना करून घेऊ नये. गाडी सर्व्हिसिंगला देताना बटण सोडून द्यावे, म्हणजे त्याविषयी कोणाला सांगावेही लागत नाही.

मात्र घरातल्यांपासून ते लपवू नये. मध्यरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचे आहे, मालक गावाला गेला आहे आणि भाऊ किंवा शेजारी चावी फिरवून फिरवून थकला आहे, असा प्रसंग येऊ शकतो. घरातील किमान दोघांना बटणाची जागा आणि वापर माहीत असावा.

बसवल्यानंतर मोकळ्या मैदानात त्याची परीक्षा घ्यावी. नळीत दाब शिल्लक असल्यामुळे राखण लावलेली गाडीही एखादे वेळी चालू होते, काही सेकंद चालते आणि बंद पडते. कॉक बंद केलेल्या जुन्या मोटारसायकलसारखाच हा प्रकार आहे. आपली गाडी किती अंतर जाते, हे मालकाला माहीत असलेले बरे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सवय. स्टँड लावणे, हँडल लॉक करणे आणि बटण दाबणे या तिन्ही गोष्टी एकाच दमात झाल्या पाहिजेत. 'दोन मिनिटांत येतो' म्हणून न दाबलेले बटण असून नसल्यासारखेच.

याने काय साधते?

चोराजवळ कौशल्य असते, पण उघड्या रस्त्यावर वेळ नसतो. टाकी उघडून किंवा आसन काढून पंपाला थेट बॅटरीवरून वीज देणे अशक्य नाही, मात्र त्याला काही मिनिटे लागतात आणि तेवढ्यात कोणीतरी पाहते. युरोपीय संघाने ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना इंजिन सुरू होऊ न देणारा इमोबिलायझर बंधनकारक केला. नेदरलँड्समधील अर्थशास्त्रज्ञ यान व्हान उर्स आणि बेन फोलार्ड यांनी १९९५ ते २००८ या काळातील चोऱ्यांचा अभ्यास केला. काही चोर जुन्या, इमोबिलायझर नसलेल्या गाड्यांकडे वळले, हे जमेस धरूनही मोटारचोऱ्या सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्याचा त्यांचा निष्कर्ष होता. आपले चोरबटण त्या यंत्रणेइतके पक्के नाही, पण त्यामागचे तत्त्व तेच आहे.

त्याच्या मर्यादाही ओळखाव्यात. दोघांनी उचलून टेम्पोत टाकलेल्या दुचाकीला बटण वाचवू शकत नाही. त्यासाठी खांबाला बांधलेली साखळी आणि चाकाचे कुलूपच हवे. विम्याच्या हप्त्यात चोरीरोधक यंत्रणेसाठी मिळणारी सवलत एआरएआय या पुण्याच्या संस्थेने मान्य केलेल्या यंत्रणेलाच मिळते, घरगुती बटणाला नाही. म्हणून बटण बसवले तरी विम्याचे नूतनीकरण चुकवू नये.

एवढे करूनही गाडी गेलीच तर वेळ दवडू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली चोरीचा गुन्हा नोंदवला जातो. नांदेडच्या माणसाची गाडी लातुरात चोरीस गेली तरी नव्या प्रक्रिया कायद्यानुसार कोणत्याही ठाण्यात फिर्याद देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवावे. पोलिसांत तातडीने फिर्याद दिली असेल तर कंपनीला कळवण्यास उशीर झाला एवढ्याच कारणाने दावा नाकारता येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये दिला आहे. दोन्ही चाव्या आणि कागदपत्रे मात्र सांभाळून ठेवावीत, कारण दाव्याच्या वेळी कंपनी ती मागते.

एक रिले, एक स्विच, थोडी तार आणि जाणत्या हाताची तासाभराची मजुरी एवढाच या उपायाचा खर्च आहे. ज्या घराचा महिना त्या दुचाकीवर चालतो, त्या घराने तो करण्याजोगा आहे. मात्र काम नीट करून घ्यावे आणि बटण रोज न विसरता दाबावे.